हाती सोपवलेलं काम

१८४८ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने एक सभा काढली. ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ असं लांबलचक नाव तिला दिलं. निबंध वाचायचे आणि त्यांवर चर्चा करायची, असा मूळ बेत. पण वर्षभरातच या मंडळींनी मुलींसाठी शाळा सुरू केल्या आणि स्वतःच मास्तर होऊन तिथे विनावेतन शिकवू लागले. सभेची मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा, दादोबा पांडुरंग तिचे अध्यक्ष. दादाभाई नौरोजी याच मंडळींतले. कॉलेजातल्या मंडळाने समाजाचं एखादं काम अंगावर घ्यावं, ही कल्पना आपल्याकडे एवढी जुनी आहे.

एल्फिन्स्टन सरकारी होतं. धर्मशिक्षणाला तिथे जागा नव्हती. या पुस्तकाचा विषय आहे तो ख्रिस्ती महाविद्यालयातलं विद्यार्थिजीवन: तिथली मंडळं, महोत्सव, सेवाकार्य आणि त्यांतून मुलांच्या अंगी येणारं पुढारपण. त्याची मुळं वेगळ्या मातीतली आहेत. ती कुठली, आणि मुंबईत येऊन त्यांना काय फुटलं, एवढं सांगितलं की पुढची पानं वाचकाला अधिक जवळची वाटतील. मी मुख्यतः बोलणार आहे ते धोबी तलावाजवळच्या सेंट झेवियर्स कॉलेजबद्दल. जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी १८६९ मध्ये सुरू केलेलं हे कॉलेज. वर्गाबाहेरच्या शिक्षणाची परंपरा तिथे सलग पाहायला मिळते, म्हणून ते निवडलं.

त्याआधी विल्सन कॉलेजबद्दल थोडं सांगायलाच हवं. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये सुरू केलेल्या शाळेतून ते कॉलेज वाढलं; गिरगाव चौपाटीसमोरची त्याची इमारत १८८९ ची. १८३९ मध्ये विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी मुलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि शहरात केवढं वादळ उठलं! प्रकरण कोर्टात गेलं, पालकांनी भराभर मुलं काढून घेतली. या घटनेची आठवण पुढे कितीतरी वर्षं प्रत्येक ख्रिस्ती संस्थेच्या दाराशी उभी होती. आपलं पोर इथे धाडलं तर ते आपलं राहील ना, हा आईबापांचा प्रश्न खोटा नव्हता. त्याला उत्तर द्यायला उपदेश पुरेसा नव्हता, वागणूक लागणार होती. माझ्या मते ख्रिस्ती कॉलेजांत वर्गाबाहेरच्या जीवनाला जे महत्त्व आलं त्याचं एक कारण इथे आहे. वर्गात बायबल शिकवण्यावर वाद होऊ शकत होता. क्रिकेटच्या मैदानावर, वादसभेत, वसतिगृहाच्या जेवणाच्या टेबलावर मात्र गुरू आणि शिष्य एकमेकांना माणूस म्हणून पारखू शकत होते.

जेझुइटांकडे याची तयार रीत होती. १५६३ मध्ये रोमच्या त्यांच्या कॉलेजात यान ल्यूनिस नावाच्या तरुण बेल्जियन शिक्षकाने शाळा सुटल्यावर काही मुलांना एकत्र बसवायला सुरुवात केली. प्रार्थना, आठवड्याभराच्या अभ्यासाची उजळणी आणि गोरगरिबांची सेवा, असा साधा क्रम. या मंडळाला ‘सोडॅलिटी’ म्हणत, आणि त्याचे पदाधिकारी मुलांतूनच नेमले जात. पुढे १५९९ मध्ये जेझुइटांनी आपल्या सगळ्या शिक्षणसंस्थांसाठी ‘रॅशियो स्टुडिओरम’ ही नियमावली पक्की केली. तिच्यात ‘अकादमी’ या विद्यार्थिमंडळांसाठी स्वतंत्र नियम आहेत. मुलांनी आपल्यातून प्रमुख निवडावा, तोही गुप्त मतदानाने. एखादा पाद्री देखरेखीला असावा. सभासदांनी भाषणं करावीत, एकमेकांच्या मुद्द्यांना उत्तरं द्यावीत. सोळाव्या शतकातल्या युरोपात पोरांच्या हाती मतपत्रिका देणं ही लहान गोष्ट नव्हे. नाटक तर जेझुइट शाळांचा प्राणच होता. बुजऱ्या मुलाला चार लोकांसमोर उभं करायचं तर त्याला दुसऱ्या कुणाचे शब्द आणि दुसऱ्या कुणाचा अंगरखा द्यावा, हे त्या मास्तरांना नेमकं कळलं होतं.

मुंबईत आधी जर्मन भाषक जेझुइट होते. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांच्यातल्या बहुतेकांना जावं लागलं आणि मग स्पॅनिश पाद्री आले. फादर हेन्री हेरास १९२२ मध्ये आले. १९२६ मध्ये त्यांनी इतिहास संशोधनाची संस्था उभारली. ती आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. वनस्पतिशास्त्रात स्विस फादर ब्लॅटर आणि पुढे स्पॅनिश फादर सांतापाव. ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह कॉलेजात आजही आहे. दिवसाचा काही वेळ व्यापारी शिक्षण घेणाऱ्या तरुण सालिम अलींना प्राणिशास्त्राकडे वळवण्यात ब्लॅटर यांचा हात होता. सांतापाव मुलांना घेऊन खंडाळ्याचे डोंगर पालथे घालत. तिथल्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ अभ्यासक अजून उघडतात. मंडळं कशी जन्मतात, हे इथे दिसतं. परिपत्रक काढून ती जन्मत नाहीत. एका मास्तराला कसला तरी ध्यास असतो, चार मुलं त्याच्या मागे रानात जातात, पाचवं मूल पुढच्या रविवारी विचारतं, मीही येऊ का? नियम, पदं, वार्षिक अहवाल हे सगळं मागाहून येतं.

कधी मास्तरही लागत नाही, उणीव पुरते. शबाना आझमी आणि फारुख शेख झेवियर्समध्ये होते तेव्हा कॉलेजच्या रंगमंचावर इंग्रजी नाटकांचा दबदबा होता. या दोघांनी मिळून हिंदी नाट्य मंच सुरू केला. पुढे दोघंही मोठे कलावंत झाले म्हणून हे आपल्याला माहीत आहे. नसते झाले तरी त्या मंचाचं मोल कमी ठरलं नसतं. जे नाही ते मागत बसण्यापेक्षा उभं करावं, हे त्या वयात कळणं महत्त्वाचं. भारतीय संगीतासाठीचा ‘इंडियन म्युझिक ग्रुप’ हाही विद्यार्थ्यांच्या बळावर चालत आलेला. जानेवारीतल्या त्यांच्या ‘जनफेस्ट’साठी जुन्या दगडी चौकात गाद्या अंथरल्या जातात, आणि ज्यांचं गाणं ऐकायला एरवी मोठ्या सभागृहाचं तिकीट काढावं लागतं ते कलावंत विशीतल्या मुलांच्या निमंत्रणावरून येऊन बसतात. कलावंताला फोन करणं, त्याच्या सोयी पाहणं, तानपुरे वेळेवर लागलेत ना हे बघणं, रात्री दहाच्या ध्वनिक्षेपकाच्या मर्यादेशी कार्यक्रमाचा मेळ घालणं, हे सगळं मुलांचं काम.

मराठी वाङ्मय मंडळाबद्दल मला विशेष आत्मीयता आहे. इंग्रजी वळणाच्या या कॉलेजात मराठीचं मंडळ टिकलं, त्याचा ‘आमोद’ हा महोत्सव इतर कॉलेजांतल्या मराठी मुलामुलींना तिथे खेचून आणतो, याचं काहींना नवल वाटतं. मला वाटत नाही. मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचणारे फादर थॉमस स्टीफन्स जेझुइटच होते. १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला ते छापलं गेलं. मराठीची गोडी लागलेला हा इंग्रज पाद्री ज्या पंथाचा, त्या पंथाच्या कॉलेजात मराठी मंडळाला परकेपणा का वाटावा?

यानंतरचा मोठा टप्पा १९७३ चा. त्या वर्षी जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी स्पेनमध्ये वालेन्सिया इथे जेझुइट शाळांच्या माजी विद्यार्थ्यांसमोर भाषण केलं. आपण दुसऱ्यांसाठी जगणारी माणसं घडवली का, हा त्यांचा सवाल होता. आणि न्यायाच्या बाबतीत आपण कमी पडलो, हे त्यांनी श्रीमंत घरांतल्या त्या माजी विद्यार्थ्यांच्या तोंडावर सांगितलं. अनेकांना ते रुचलं नाही. पण जगभरच्या जेझुइट संस्थांनी आपापलं घर तपासायला घेतलं ते त्यानंतर. झेवियर्समधला सामाजिक सहभागाचा उपक्रम त्याच विचाराचा. मुलांनी ६० तास एखाद्या संस्थेत, पालिकेच्या शाळेत, रुग्णालयात किंवा वस्तीत काम करायचं. साठ तासांत समाज बदलत नाही, हे चालवणाऱ्यांनाही ठाऊक आहे. पण चर्चगेटला उतरून कॉलेजात आणि कॉलेजातून परत चर्चगेटला एवढीच मुंबई पाहिलेल्या मुलीला आठवड्यातून एकदा गोवंडीला जावं लागतं, तिथल्या चौथीतल्या पोरीला भागाकार समजावताना आपल्याला तो समजावता येत नाही हे कळतं, आणि पुढच्या खेपेस ती तयारी करून जाते. हा बदल लहान आहे, पण खरा आहे.

सक्तीची सेवा ही सेवा कशी, असा आक्षेप घेतला जातो. तो मी समजू शकतो. मात्र सक्ती नसली तर जातात कोण? ज्यांच्या घरी आधीच तसं वातावरण आहे तीच मुलं. बाकीच्यांना पहिलं पाऊल टाकायला निमित्त लागतं. नगरच्या अहमदनगर कॉलेजने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे या मराठी ख्रिस्ती शिक्षकाने १९४७ मध्ये ते सुरू केलं, कारण जिल्ह्यातल्या मुलांना उच्चशिक्षणासाठी घर सोडून दूर जावं लागत होतं. तिथली मुलं खेड्यांतूनच आलेली. त्यांना समाज दाखवायला बसने न्यावं लागत नव्हतं. म्हणून कॉलेजने ग्रामीण विकासाचं कामच अभ्यासाला जोडलं आणि पुढे त्याची स्वतंत्र संस्था झाली. देशभरची राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. नगरमध्ये ही वाट त्याआधीच तुडवली जात होती.

एका कामाचं थोडं जवळून वर्णन करतो, कारण पुढारपण या गोष्टीबद्दलचं माझं मत त्यावर उभं आहे. झेवियर्समध्ये २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र आहे. पुस्तकं ऐकण्याजोगी करणं, संगणकावर वाचून दाखवणारी प्रणाली शिकवणं, कायद्यासाठी झगडणं, अशी त्याची कामं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायदा बदलला आणि अंध वाचकांसाठी पुस्तकं सुलभ रूपात आणण्याचा मार्ग मोकळा झाला. त्या लढ्यात हे केंद्र होतं. ‘अंतर्चक्षू’ या उपक्रमात विद्यार्थी स्वयंसेवक डोळस पाहुण्यांना काळोखात नेतात आणि बाजारहाट, पैसे मोजणं असली रोजची कामं करायला लावतात. काळोखात नोट हातात आली की ती शंभराची की पाचशेची, या प्रश्नाने भल्याभल्यांची गाळण उडते.

पण मला सांगायचंय ते लेखनिकांबद्दल. दृष्टिबाधित विद्यार्थ्याची परीक्षा लिहायला दुसरा विद्यार्थी बसतो. तासामागे किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. लेखनिकाने त्याने सांगितलेलं लिहायचं, तेवढंच लिहायचं. समोरचा चुकतोय हे दिसत असतं, बरोबर उत्तर ओठांवर असतं, तरी गिळायचं. चेहऱ्यावर आणायचं नाही, असं म्हणण्यात अर्थ नाही. चेहरा त्याला दिसत नाही, पण श्वास थबकलेला ऐकू येतो. प्रश्न स्पष्ट, सावकाश वाचायचा. त्याने ‘मागचं वाक्य वाच’ म्हटलं की कंटाळा न आणता वाचायचं. परिच्छेद कुठे पाडायचा ते विचारायचं. चार तास आपली बुद्धी बाजूला ठेवून आपला हात दुसऱ्याच्या बुद्धीला द्यायचा. बाहेर पडल्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही आणि निकालाच्या यादीत लेखनिकाचं नाव नसतं. तरी पुढच्या परीक्षेला तीच मुलगी पुन्हा नाव नोंदवते. मंचावरून माईक हातात घेऊन बोलणाऱ्या मुलापेक्षा मला या मुलीत नेतृत्वाचं बीज अधिक दिसतं. दुसऱ्याचं काम त्याचंच राहू देऊन त्याला मदत करणं जिला साधलं, ती उद्या कुठलंही कार्यालय किंवा गाव चालवू शकेल.

आता झेवियर्सचा महोत्सव ‘मल्हार’. फादर लॅन्सी परेरा यांनी १९७९ मध्ये तो सुरू केला. ऑगस्टात, ऐन पावसात होणारा म्हणून पावसाच्या रागाचं नाव. बाहेरच्यांना दिसतात ते रोषणाई, रांगा, नाचगाणी. आत पाहिलं तर महिनोन्‌महिने आधीपासून शेकडो मुलांची उतरंड कामाला लागलेली असते. वर ‘ओसी’, म्हणजे आयोजन समितीतली मुलं. त्यांच्या हाताखाली विभाग: स्पर्धा, पाहुणचार, हिशेब, प्रायोजक, सुरक्षा, सजावट. आणि सगळ्यांत खाली ‘वर्कफोर्स’, बहुतेक अकरावीची आणि पहिल्या वर्षाची पोरं. बाहेरच्या कॉलेजांचे चमू येतात ते आपापल्या ‘सीएल’च्या, म्हणजे पथकप्रमुखाच्या मागे. ज्या मुलाने पहिल्या वर्षी पुठ्ठे कापले तो तिसऱ्या वर्षी लाखांच्या हिशेबावर सही करतो. पोलिसांची परवानगी, पालिकेची ना हरकत, अचानक कोसळलेल्या सरीत भिजलेला मंच, शेवटच्या क्षणी मागे हटलेला प्रायोजक, यांना तोंड देण्याचा अभ्यासक्रम कुठल्या विद्यापीठात शिकवला जातो?

महोत्सवांना एवढं महत्त्व येण्यामागे महाराष्ट्राचं एक खास कारण आहे, आणि ते सहसा कुणी बोलून दाखवत नाही. एकेकाळी आपल्याकडे कॉलेजांत निवडणुका होत. त्यांत पक्ष शिरले, पैसा शिरला, हाणामाऱ्या झाल्या, मुंबईत एका विद्यार्थिनेत्याचा खून झाला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या आणि गुणांच्या आधारे प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आली. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद पुन्हा झाली, पण ती कागदावरून फारशी खाली उतरली नाही. म्हणजे तीनेक दशकं आपल्या मुलांनी कॉलेजात मत मागितलं नाही, मत दिलं नाही, हरून दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याशी हात मिळवला नाही. त्यांची सगळी धडाडी महोत्सवांकडे वळली. तिथे ती व्यवस्थापन उत्तम शिकली. पण व्यवस्थापन आणि लोकशाही एक नव्हेत. ओसीची निवड मुलाखतीतून होते. वरचे खालच्यांना निवडतात. खालचे वरच्यांना जाब विचारत नाहीत. ज्या परंपरेने १५९९ मध्येच मुलांना गुप्त मतदान दिलं, तिच्या कॉलेजांनी तरी आपल्या मंडळांत ते परत आणावं, असं मला कळकळीने वाटतं. त्यासाठी कुठल्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. नाट्यमंडळाचा सचिव सभासदांनी निवडला तर कुणाचं काय बिघडतं?

याच्याशी जोडलेली दुसरी गोष्ट भाषेची. मोठ्या शहरांतल्या बहुतेक नामांकित कॉलेजांत मंडळांचा कारभार इंग्रजीत चालतो. मुलाखतही इंग्रजीत. चिपळूणहून किंवा लातूरहून नव्वद टक्के मिळवून आलेला मुलगा दाराशी लावलेली यादी वाचतो आणि नाव न देता परत फिरतो. त्याला कुणी अडवलेलं नसतं, म्हणून कॉलेजला हे कळतही नाही. सेवेचं व्रत घेतलेल्या संस्थांनी या परत फिरलेल्या पावलांची मोजदाद ठेवायला हवी. वस्तीत जाऊन सेवा करणं चांगलंच आहे. पण ज्या वस्तीतून एखादा मुलगा आपल्याच वर्गात येऊन बसला, त्याला मंडळाच्या टेबलाशी खुर्ची मिळाली का, हे आधी पाहावं.

धर्माचा प्रश्न राहिला. ख्रिस्ती कॉलेजात ख्रिस्ती मुलांसाठी स्वतंत्र मंडळं असतात; अखिल भारतीय कॅथलिक विद्यापीठ महासंघ, ज्याला मुलं ‘आयकफ’ म्हणतात, तो १९२४ पासूनचा. वर्षारंभी मिस्सा होते, नाताळात गव्हाणी मांडली जाते. त्याच कॉलेजात गणपतीच्या दिवसांत घरी गेलेली मुलं मोदकांचे डबे घेऊन परततात आणि रमजानात संध्याकाळच्या तालमीला वेळेची मुभा मिळते. श्रद्धा असलेली माणसं दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान सहज राखू शकतात, हे मुलं इथे रोजच्या व्यवहारात पाहतात. १८३९ मधल्या आईबापांना हवं होतं ते उत्तर अशा व्यवहारातूनच मिळत गेलं.

नव्या शैक्षणिक धोरणाने सहअभ्यासक्रमांना श्रेयांक द्यायला सुरुवात केली आहे. मंडळातल्या कामाची दखल गुणपत्रिकेत यावी, ही मागणी जुनी होती आणि ती पुरी झाली याचा आनंद आहे. धास्तीही आहे. श्रेयांक आला की हजेरी आली, हजेरी आली की सहीपुरता येणारा मुलगा आला. ज्या मुलीचं मी वर वर्णन केलं, तिला लेखनिक म्हणून बसल्याचे दोन श्रेयांक मिळाले तर ती पुढच्या वेळी कशासाठी बसेल? प्राध्यापकांनी इथे फार जागरूक राहायला हवं. तास मोजावेत, पण तासांत काय झालं हे मुलालाच लिहायला लावावं आणि ते वाचावं. वाचायला वेळ नसेल तर श्रेयांक देऊ नयेत.

शेवटी एक व्यावहारिक अडचण, जी प्रत्येक मंडळाच्या मुळाशी असते. कॉलेजातलं मंडळ तीन वर्षांत पूर्ण रिकामं होतं. आज ज्यांना सगळं ठाऊक आहे ते जूनमध्ये नसतात. ज्या मंडळांनी आपल्या हिशेबाच्या वह्या, पत्रव्यवहार, कलावंतांचे आणि मंडपवाल्यांचे फोन, फसलेल्या बेतांच्या नोंदी पुढच्यांच्या हाती नीट दिल्या ती टिकली. बाकीची एका हुशार तुकडीबरोबर आली आणि तिच्याबरोबरच गेली. हे पुस्तक काढण्यामागचा एक हेतू असाच साधा आहे. नव्याने एखाद्या मंडळाची सूत्रं घेणाऱ्या मुलीने ते कपाटात हिशेबाच्या वहीशेजारी ठेवावं, आणि समासात आपल्या वर्षाच्या नोंदी कराव्यात.